नेहमी घडायचं ते : रीतिभूतकाळाच्या अभ्यासात येणाऱ्यांसाठी

'खाई त्याला खवखवे' या म्हणीचा अर्थ हिंगोलीतल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. तो बरोबर सांगेल : जो खातो त्याला खवखवतं. मग त्यालाच दुसरं वाक्य द्या, 'आजी पहाटे उठून भाकरी करी आणि मग शेतात जाई'. याचाही अर्थ तो न अडखळता लावेल : आजी भाकरी करायची, शेतात जायची. 'खाई' आणि 'जाई' ही दोन्ही रूपं एकाच साच्यातली आहेत. तरी पहिलं आजची, किंबहुना सदासर्वकाळची गोष्ट सांगतं आणि दुसरं मागे पडलेल्या दिवसांची. एकच प्रत्यय दोन काळांत कसा वावरतो, असा प्रश्न ज्याला पडला, त्याचं या विषयात स्वागत आहे.

इथे येणारा दुसरा वाचक वेगळ्या वाटेने येतो. तो स्पॅनिश शिकत असतो. हिंगोली, वसमत, कळमनुरीतल्या मुलामुलींना ही भाषा आता फोनवरसुद्धा शिकता येते. रीतसर पदवी हवी असेल तर हैदराबादचं इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे. सुरुवातीचे धडे सुरळीत जातात. मग भूतकाळ येतो आणि तिथे एकाऐवजी दोन भूतकाळ उभे असतात. त्यातला एक झालेलं सांगतो, दुसरा व्हायचं ते. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास गोंधळतो, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्ही कामं एकट्यानेच उरकतो. माझं म्हणणं असं की मराठी माणसाने, त्यातही मराठवाड्यातल्या माणसाने, इथे गोंधळायचं काहीच कारण नाही. स्पॅनिश जो भेद शिकवते तो त्याला घरातच मिळालेला असतो, आणि तोही अधिक बारीक. त्याची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्याजवळ रूपं जास्त आहेत आणि स्पॅनिशमध्ये ती एकाच रूपात गोळा करावी लागतात.

मुळात भेद कशाचा आहे ते आधी पाहू. 'काल मी औंढ्याला गेलो' आणि 'दर सोमवारी मी औंढ्याला जायचो' ही दोन्ही वाक्यं भूतकाळाची आहेत. 'केव्हा' या प्रश्नाने त्यांच्यातला फरक कळत नाही. पहिल्या वाक्यातलं जाणं आपण बाहेरून पाहतो. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, ते मोजता येतं. दुसऱ्या वाक्यात आपण त्या काळाच्या आत उभे असतो. पहिला सोमवार कोणता, शेवटचा कोणता, हे बोलणाऱ्याने सांगितलेलं नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. क्रियेची टोकं दाखवायची की झाकायची, एवढाच हा निर्णय असतो. आपलं शालेय व्याकरण काळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे चार कप्पे करून पुढे जातं. त्यामुळे ही सगळी काळाचीच भानगड आहे असं विद्यार्थ्याला वाटत राहतं. अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ हे दोन्ही टोकं झाकणारे आहेत, म्हणून ते एका बाजूचे, आणि साधा भूतकाळ समोरच्या बाजूचा. ही मांडणी शाळेत कोणी करून देत नाही. ती डोक्यात बसली की स्पॅनिशचा निम्मा धडा झाला.

ज्यांना उदाहरणातून पटतं त्यांनी आपली कुठलीही कहाणी आठवावी. आटपाट नगर होतं. तिथे कोणी राजा असायचा, कोणी गरीब बाई रोज काहीतरी करायची. हे सगळं टोकं झाकून चालतं. मग 'एके दिवशी' असा शब्द येतो आणि क्रियापदांचा पोतच बदलतो : आली, म्हणाली, दिलं, घेतलं. 'एके दिवशी'च्या अलीकडे पार्श्वभूमी असते, पलीकडे घटना. स्पॅनिश गोष्टीही 'उन दीआ' म्हणून नेमक्या याच ठिकाणी वळतात. सर्वांतेसच्या 'दोन किखोते' या १६०५ सालच्या कादंबरीचं पहिलंच वाक्य त्या सरदाराचं राहणं सांगतं, ते या टोकं झाकणाऱ्या भूतकाळात.

आता त्या काळाची रूपं. स्पॅनिश क्रियापदं शेवटच्या अक्षरांवरून तीन गटांत पडतात : 'आर'वाली, 'एर'वाली आणि 'इर'वाली. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबिर म्हणजे राहणं, जगणं. पहिल्या गटाला 'आबा' लागतो : मी आब्लाबा, तू आब्लाबास, तो किंवा ती आब्लाबा, आम्ही आब्लाबामोस, तुम्ही आब्लाबाइस, ते आब्लाबान. उरलेल्या दोन्ही गटांना मिळून एकच 'ईआ' : कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन, आणि त्याच चालीवर बिबीआ, बिबीआस वगैरे. 'मी' आणि 'तो' यांचं रूप सारखंच असल्यामुळे कोण बोलतंय हे संदर्भावरून ओळखावं लागतं किंवा सर्वनाम घालावं लागतं. लिंगभेद दिसत नाही. आपल्याकडे ती 'जायची' आणि तो 'जायचा', तिथे दोघांना एकच रूप.

या काळाचा मोठा गुण म्हणजे तो फारसे रुसवेफुगवे करत नाही. अख्ख्या भाषेत अनियमित क्रियापदं तीनच : सेर (असणे) याचं एरा, इर (जाणे) याचं इबा आणि बेर (पाहणे) याचं बेईआ. समोरच्या, घटना सांगणाऱ्या भूतकाळात अनियमित रूपांचा सुळसुळाट आहे. म्हणून रूपं पाठ करण्याचा त्रास तिकडे आणि वापराचा विचार इकडे, अशी कष्टांची वाटणी होते.

हे 'आबा' आणि 'ईआ' लॅटिनमधून आले. लॅटिनमध्ये दोन्हीकडे 'ब' होता. 'आर' गटात तो टिकला, बाकीच्या दोन गटांत गळाला. हाबेबाम, देबेबाम यांसारख्या शब्दांत दोन 'ब' लागोपाठ आल्याने एक पडला आणि बाकीचे शब्द त्याच वळणावर गेले, असं त्याचं प्रचलित स्पष्टीकरण आहे. नावांचा इतिहासही मजेचा आहे. १४९२ साली नेब्रिखाने स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण काढलं, त्यात या काळाला 'न संपलेला भूतकाळ' अशा अर्थाचं नाव आहे. आपला 'अपूर्ण भूतकाळ' जवळजवळ तोच. पुढे १८४७ साली व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेयो यांनी चिलीमध्ये आपलं व्याकरण प्रसिद्ध केलं आणि या काळाला 'कोप्रेतेरितो' म्हटलं. दुसरी एखादी गोष्ट घडली तेव्हा तिच्या सोबतीने जे चालू होतं ते सांगणारा काळ, असा त्यांचा विचार. मला बेयोंचं नाव अधिक सरस वाटतं. 'अपूर्ण' म्हटलं की काम अर्धवट राहिलं असा भास होतो. आजीने भाकरी रोज पूर्णच केली होती.

आता आपल्या बोलीकडे. पुण्या-मुंबईची लेखी मराठी 'करत होता' आणि 'करायचा' असा भेद करते. हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यात चालू क्रियेसाठी आपण 'करायलाय' म्हणतो. 'काय करायलास?' हा प्रश्न या भागाबाहेर केला की समोरचा लगेच गाव विचारतो. यालाच भूतकाळात नेलं की 'करायलता' होतं. 'होता' झिजून त्याचा 'ता' उरला आहे, जसा 'गेल्ता', 'आल्ता'मध्ये. तेव्हा 'आजी ओव्या म्हणायची' म्हणजे तिची सवय आणि 'आजी ओव्या म्हणायलती' म्हणजे त्या वेळी चाललेलं काम. एवढं मोठं अर्थांतर, आणि उच्चारात ते जेमतेम एका अक्षराने तोललेलं. स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'कान्ताबा' (कान्तार म्हणजे गाणं) पुरतो. अगदी त्या क्षणावर बोट ठेवायचं असेल तर 'एस्ताबा कान्तान्दो' अशी जोडरचना आहे, पण ती सक्तीची नाही. म्हणजे हिंगोलीच्या विद्यार्थ्याने 'म्हणायची', 'म्हणायलती', 'म्हणत होती', 'म्हणत असे' आणि पुस्तकातलं 'म्हणे' ही पाचही रूपं एका 'कान्ताबा'त घालायची आहेत. त्यातलं कोणतं अभिप्रेत आहे ते आजूबाजूचे शब्द सांगतात.

यापुढची गोष्ट मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते आणि ती स्पॅनिशच्या पुस्तकात सापडणार नाही. मराठीत टोकं दाखवणारा भूतकाळ नुसता क्रियापद बदलून थांबत नाही, तो कर्त्यालाही हात घालतो. 'त्यानं भाकरी खाल्ली' म्हणताना कर्त्याला 'नं' लागतो आणि क्रियापद भाकरीच्या मागे जातं. 'तो भाकरी खायचा' म्हणताना 'नं' गळतो आणि क्रियापद पुन्हा कर्त्याच्या ताब्यात येतं. सकर्मक वाक्य मनात तयार करताना कर्ता आपोआप 'त्यानं' असा आला, तर स्पॅनिशमध्ये बहुधा घटनेचा भूतकाळ हवा. 'तो' असा आला, तर 'आबा' किंवा 'ईआ' हवा. ही कसोटी 'तो शिकला', 'तो विसरला' अशा काही क्रियापदांत चालत नाही आणि अकर्मकांत तर मुळीच नाही. तरीही नवशिक्याला इतकं भरवशाचं साधन दुसरं मिळणार नाही, आणि ते त्याच्या जिभेवर आधीपासून आहे. एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. 'तो अंगण झाडायचा' ही सवय झाली, पण 'त्यानं अंगण झाडायचं' हे ठरवून दिलेलं काम झालं. तिथे 'नं' दिसला म्हणून घटना समजू नये. 'करायचा' हे रूप मुळात 'करावयाचा', म्हणजे 'करण्याचा', असं होतं. त्यातून कर्तव्य आणि सवय असे दोन फाटे फुटले.

काही ठिकाणी मराठी उलट फसवते. 'मी दहा वर्षं नांदेडला राहत होतो' हे आपलं निर्दोष वाक्य. पण स्पॅनिशला दहा वर्षं म्हटल्याबरोबर दोन्ही टोकं दिसतात आणि ती 'बिबी' हे घटनेचं रूप मागते, 'बिबीआ' नाही. मोजमाप आलं की काळ बंद होतो, हा नियम ध्यानात ठेवावा. 'नर्सीला तीनदा गेलो' आणि 'दर एकादशीला नर्सीला जायचो' इथे मात्र दोन्ही भाषा एका वाटेने चालतात. 'माहीत असणे' यासारख्या क्रियापदांत गंमत आहे. स्पॅनिशमध्ये साबेर या एकाच क्रियापदाचं साबीआ म्हणजे 'माहीत होतं' आणि सूपो म्हणजे 'कळलं'. कोनोसेर या क्रियापदाचं कोनोसीआ म्हणजे 'ओळख होती', कोनोसिओ म्हणजे 'ओळख झाली'. त्यांचे शिक्षक यासाठी पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याला दोन वेगळे शब्द जन्मापासून मिळालेले असल्यामुळे मराठीत वाक्य केलं की उत्तर समोर येतं.

आणखी एक वापर तर तहसील कचेरीत रोज ऐकू येतो. 'साहेब, जरा सातबारा पाहिजे होता.' माणूस खिडकीसमोर उभा आहे, सातबारा त्याला आत्ता पाहिजे, मग 'होता' कशाला? मागणीची टोकं झाकली की तिची धार कमी होते, म्हणून. स्पॅनिश माणूस दुकानात शिरून 'केरीआ' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'मला हवं होतं', ते याच अदबीने.

आता पहिल्या कोड्याकडे वळू, कारण तिथेच आपल्या भाषेच्या इतिहासाचा सर्वांत श्रीमंत भाग आहे. 'करी, जाई, बसे, म्हणे' या रूपांना मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'च्या परंपरेत ई-आख्यात म्हणतात. नाव रूपावरून दिलं आहे, अर्थावरून नाही, आणि हे शहाणपणाचं आहे, कारण अर्थ बदलत गेला. ज्ञानेश्वरीच्या काळी, म्हणजे शके १२१२, इसवी १२९०च्या सुमारास, 'करी' म्हणजे 'करतो' असाच अर्थ होता. तो साधा वर्तमानकाळ होता. पुढे 'करत' या धातुसाधितावरून 'करतो' हा नवा वर्तमान तयार झाला आणि त्याने जुन्याला जागेवरून हटवलं. हटवलेला जुना वर्तमान नाहीसा झाला नाही. त्याला निरनिराळ्या घरी आसरा मिळाला.

पहिलं घर म्हणींचं. 'दाम करी काम', 'बळी तो कान पिळी', 'थेंबे थेंबे तळे साचे', 'देव तारी त्याला कोण मारी'. या सर्वांत क्रियापद अजून वर्तमानातच आहे. दुसरं घर भविष्यकाळाचं. 'करी'ला 'ल' लागून 'करील', 'बसे'ला लागून 'बसेल', 'जाई'ला लागून 'जाईल'. करील की करेल, हा आजच्या शुद्धलेखनप्रेमींचा वाद मुळात 'करी' आणि 'बसे' या दोन जुन्या गटांच्या सरमिसळीचा आहे, आणि 'करेल'वाले तो जिंकत चालले आहेत. तिसरं घर नकाराचं. 'पोरगं ऐकेना', 'गाडी सुरू होईना'. हे आत्ताचं आहे की कालचं, ते नुसत्या रूपावरून सांगता येत नाही. जुन्या वर्तमानाचा सैलपणा तिथे अजून शिल्लक आहे. चौथं घर रीतिभूतकाळाचं : 'आजी भाकरी करी'. 'करत असे' ही जोडरचनाही त्याच घरातली, कारण तिच्यातला 'असे' म्हणजे 'अस'चं जुनं वर्तमानरूपच. नेहमी घडणारी गोष्ट वर्तमानात सांगायची सवय होतीच. तो 'नेहमी'चा अर्थ रूपाला चिकटून राहिला आणि काळ मात्र नव्या 'करतो'ने काढून घेतला, अशी ही उलथापालथ समजते. ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवरच्या १९२० सालच्या आपल्या ग्रंथात या प्रवासाचा माग काढला आहे. मराठीच्या इतिहासाची ओढ असलेल्याने तो ग्रंथ टाळू नये. त्याचं मराठीतही भाषांतर झालेलं आहे.

जागेवरून उठवलेल्या रूपाला दुसरीकडे काम मिळणं ही केवळ मराठीची खासियत नाही. लॅटिनचा पूर्ण भूतकाळ स्पॅनिशमध्ये पुढे संकेतार्थाकडे गेला. आमावेराम म्हणजे 'मी प्रेम केलं होतं', त्याचं आमारा झालं, आणि आज ते 'प्रेम केलं असतं तर'सारख्या वाक्यांत येतं.

हिंगोली जिल्ह्यात बसून जुन्या मराठीचा विचार करताना नामदेव आठवणारच. कयाधूकाठची नर्सी हे त्यांचं परंपरेने मानलेलं जन्मगाव, आणि गुरू विसोबा खेचर यांची भेट औंढा नागनाथला झाली अशी श्रद्धा आहे. त्यांचा काळ १२७० ते १३५० असा धरतात, म्हणजे जुना वर्तमान अजून गादीवर असतानाचा. नामदेव गाथेत ई-आख्यात जागोजागी भेटतं, आणि अभ्यासकाला मोह होतो की बस, आपल्या जिल्ह्याची सातशे वर्षांपूर्वीची बोली हाती लागली. इथे सावध राहावं. गाथेची हस्तलिखितं नामदेवांच्या नंतरची आहेत. तिच्यात विष्णुदास नामा आणि इतर नामे मिसळले आहेत, आणि गाणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या रूपं बदलली आहेत. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. ती वेगळ्या परंपरेत जपली गेली, पण त्यांची भाषा मराठी नाही. गाथेत एखादं 'करी' वर्तमानाचं आहे की सवयीचं, हे ठरवताना म्हणून ओळीपुरता विचार पुरत नाही, हस्तलिखितांचं वय पाहावं लागतं. त्यापेक्षा लीळाचरित्राचं गद्य अधिक बोलकं आहे. चक्रधरांचा नित्यक्रम सांगताना तिथे जुनाच वर्तमान वापरलेला दिसतो, आणि वर्तमानाकडून रीतीकडे होणारं सरकणं तिथे जवळजवळ डोळ्यांनी पाहता येतं. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला. तो जवळ असल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

परक्यांनी आपल्या क्रियापदांकडे कसं पाहिलं, याचाही एक कोपरा या विषयात आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. क्रिस्तपुराण लिहिणारा तो हाच. त्याने कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये रचलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि मांडणी लॅटिन व्याकरणाच्या चौकटीतली. त्यामुळे आपल्याकडच्या भाषांची क्रियापदं आणि लॅटिन घराण्यातली टोकं झाकणारी रूपं शेजारी ठेवून पाहण्याचं काम पावणेचारशे वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं.

हिंगोलीपुरता एक धागा इतका जुना नाही, पण विसरला गेलेला आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू होती आणि शिकलेल्या माणसाला थोडी फारसी येत असे. फारसी-उर्दू व्याकरणात 'माज़ी इस्तमरारी' नावाचा भूतकाळ असतो. फारसीतला 'मी-कर्द' म्हणजे 'करायचा' आणि 'करत होता' दोन्ही. स्पॅनिशच्या 'आबा'ची व्याप्ती जवळजवळ हीच. म्हणजे त्या पिढीतल्या ज्या हिंगोलीकराने मौलवीसाहेबांसमोर हे धडे गिरवले, त्याला स्पॅनिशचा हा काळ एका बैठकीत कळला असता. आजच्या विद्यार्थ्याजवळ ती शिदोरी नाही, पण हिंदीतलं 'करता था' आणि 'कर रहा था' आहे, आणि ते त्याला 'करायचा' आणि 'करायलता'च्या शेजारी ठेवता येतं.

आता उरलेल्या कामाविषयी. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातले बोलींचे नमुने अजून उद्धृत होतात. पण हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेबाहेर होतं. वऱ्हाडच्या बोलीचे नमुने नोंदले गेले आणि पैनगंगेच्या अलीकडची बोली तशीच राहिली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचं नवं सर्वेक्षण केलं आहे आणि त्यातली ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. हे काम मोलाचं आहे, पण गावोगावच्या क्रियापदांचा प्रश्न एका सर्वेक्षणात आटोपत नाही. सेनगाव तालुक्याच्या उत्तरेला वाशीम लागतं. तिकडच्या वऱ्हाडीत 'तो जाये', 'तो करे' ही जुनी रूपं सवयीच्या अर्थाने अजून बोलण्यात आहेत. दक्षिणेला वसमतकडे 'जायचा' निर्विवाद आहे. या दोन रूपांची सीमा कुठून जाते? ती नदीवरून जाते, बाजारपेठेवरून की सोयरिकीवरून? कळमनुरीकडचे आंध आदिवासी, तांड्यांवर गोरमाटी बोलणारे बंजारा, वसमत आणि हिंगोली शहरांतले दखनी बोलणारे, यांच्या मराठीत 'करायलता'ची जागा कोणतं रूप घेतं? यावर चांगलं काम झालं तर ते फक्त जिल्ह्याच्या उपयोगाचं राहणार नाही. एखादी भाषा टोकं झाकायची रीत कशी बदलते, हे जगभरच्या व्याकरणकारांना त्यातून पाहायला मिळेल.

साधनं फार लागत नाहीत. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाजवळ बसा. 'तुमच्या लहानपणी काय काय झालं?' असं विचारू नका, उत्तरात घटनाच मिळतील. 'हळद कशी शिजवायचे?', 'पूर्णा-अकोला मीटरगेजची गाडी असताना बाजाराला कसं जायचे?' असं विचारा आणि फोनचं ध्वनिमुद्रण चालू ठेवा. आधी परवानगी घ्या, गाव आणि वय लिहून ठेवा. ऐकताना रूपं दुरुस्त करू नका, 'करायलतो'चं 'करत होतो' करून तर मुळीच लिहू नका. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या वेगळ्या नोंदवा, कारण गाण्यातलं 'करी' आणि बोलण्यातलं 'करायची' ही एकाच बाईच्या तोंडची असली तरी दोन वेगळ्या काळांतली रूपं आहेत. पंधरा मिनिटांच्या नोंदीत रीतिभूतकाळाची रूपं भरपूर मिळतात. ती लिहून काढून जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. जी माणसं जुनी रूपं सहज बोलतात ती आज सत्तरीपुढची आहेत, म्हणून हे काम या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करावं.